तीन राज्यांचा सिनेटर: जेम्स शील्ड्सला उचलणारे आणि पाडणारे नियम

अमेरिकेच्या सिनेटमध्ये आजवर सुमारे दोन हजार माणसं बसून गेली. त्यात तीन वेगवेगळ्या राज्यांतून निवडून आलेला माणूस एकच, आणि तो आयर्लंडमध्ये जन्मलेला होता: जेम्स शील्ड्स. दोन राज्यांच्या नावावर असलेला वेटमन विली नावाचा एक सिनेटरही आहे, पण त्याच्या बाबतीत माणूस हलला नाही, राज्यच फुटलं. व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया वेगळं झालं. शील्ड्सने मात्र खरोखर बिऱ्हाड हलवलं. इलिनॉय, मग मिनेसोटा, शेवटी मिझुरी.

ही यादी वाचून वाटतं की माणूस फारच लोकप्रिय असणार, जाईल तिथे जिंकणारा. आकडे पाहिले की चित्र बदलतं. इलिनॉयच्या खुर्चीत तो पाच वर्षं आणि थोडे महिने होता, मिनेसोटाच्या खुर्चीत दहा महिन्यांहून कमी आणि मिझुरीच्या खुर्चीत सुमारे पाच आठवडे. त्याला सिनेटची पूर्ण सहा वर्षं कधीच मिळाली नाहीत. हे असं का झालं, ते त्याच्या गुणावगुणांपेक्षा त्या काळच्या निवडणुकीच्या आणि नागरिकत्वाच्या नियमांतून जास्त नीट कळतं. त्यामुळे इथे चरित्र आणि नियम जोडीनेच पाहू.

टिरोनमधून मिसिसिपीच्या काठावर

शील्ड्सचा जन्म १८०६ च्या सुमाराचा, टिरोन काउंटीतल्या आल्टमोर या गावचा. आज हा भाग उत्तर आयर्लंडमध्ये येतो. घराणं कॅथलिक. तेव्हा आयर्लंडचा कारभार लंडनच्या संसदेतून चाले आणि त्या संसदेत कॅथलिक माणसाला बसता येत नसे. ही बंदी उठली १८२९ मध्ये. शील्ड्स त्याआधीच, १८२६ च्या आसपास, घर सोडून निघाला होता. त्याचा चुलता, त्याचंही नाव जेम्स शील्ड्सच, अमेरिकेत आधीच स्थिरावला होता आणि १८२९ ते १८३१ या काळात ओहायो राज्यातून अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा, सदस्य होता. म्हणजे मायदेशात ज्या दारातून आत जाता येत नव्हतं, तसंच दार समुद्रापलीकडे एका नातेवाइकाने ओलांडलेलं होतं.

एक गैरसमज आधीच दूर करू. आयरिश स्थलांतर म्हटलं की बटाट्याचा दुष्काळ आणि खच्चून भरलेली जहाजं आठवतात. तो लोंढा १८४५ नंतरचा. शील्ड्स त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी आला. तो शिकलेला होता आणि हाती मजुरीचं फावडं घ्यायची वेळ त्याच्यावर आली नाही. इलिनॉयमधल्या कॅस्कॅस्किया या मिसिसिपीकाठच्या जुन्या फ्रेंच वस्तीत त्याने शाळामास्तरकी केली आणि सोबत कायद्याचा अभ्यास केला. तेव्हा वकील व्हायला लॉ कॉलेज लागत नसे. एखाद्या वकिलाच्या हाताखाली पुस्तकं वाचायची, परीक्षा द्यायची आणि परवाना घ्यायचा. १८३२ मध्ये त्याला परवाना मिळाला. १८३६ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. त्याच सभागृहात एब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस हे दोघेही होते. शील्ड्स आणि डग्लस डेमोक्रॅट, लिंकन तेव्हाच्या विरोधी व्हिग पक्षाचा.

मत देता येतं, पण नागरिक नाही

इथे पहिला नियम येतो. आपल्याला मतदान आणि नागरिकत्व एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. तेव्हाच्या इलिनॉयमध्ये तसं नव्हतं. राज्याच्या १८१८ च्या घटनेत मताचा अधिकार ‘रहिवाशाला’ होता: गोरा पुरुष, वय २१ च्या वर, राज्यात सहा महिने वास्तव्य. नागरिक असण्याची अट नव्हती. त्यामुळे कालवे खोदायला आलेला आयरिश मजूर नागरिक होण्याच्या कितीतरी आधी मतदार होत असे. डेमोक्रॅट पक्षाला ही मतं हवी होती, व्हिगांना ती खुपत होती. अखेर १८४८ च्या नव्या घटनेने पुढे येणाऱ्यांसाठी ‘नागरिक’ ही अट घातली. तोवर राज्यात राहत असलेल्यांचं मत मात्र शाबूत ठेवलं.

नागरिकत्व देणं हे केंद्राच्या कायद्याचं काम होतं आणि त्याला दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात न्यायालयात जाऊन ‘मला नागरिक व्हायचं आहे’ असं प्रतिज्ञेवर नोंदवायचं. लोक याला ‘पहिले कागद’ म्हणत. त्यानंतर किमान दोन वर्षं जावी लागत, देशातलं एकूण वास्तव्य किमान पाच वर्षांचं असावं लागे आणि त्या राज्यातलं किमान एक वर्षाचं. मग पुन्हा न्यायालयात जायचं, चालचलणूक बरी असल्याचा पुरावा द्यायचा आणि आधीच्या राजाशी असलेली निष्ठा सोडल्याची शपथ घ्यायची. आयरिश माणसासाठी हा राजा इंग्लंडचा, त्यामुळे शपथेचा हा भाग फारसा जड जात नसे.

काम एवढंच, पण लोक ते वर्षानुवर्षं लांबणीवर टाकत. मत मिळतंय, जमीन घेता येतेय, धंदा चाललाय, मग न्यायालयाचे हेलपाटे कशाला? शील्ड्सनेही चालढकल केली. तो रीतसर नागरिक झाला २१ ऑक्टोबर १८४० रोजी, म्हणजे देशात येऊन साधारण चौदा वर्षांनी आणि विधिमंडळात निवडून आल्यावर चार वर्षांनी. ही तारीख लक्षात ठेवा. पुढे ती फार महागात पडली.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. हा सगळा मार्ग फक्त गोऱ्यांना खुला होता, १७९० च्या कायद्यातच तसं लिहिलेलं होतं. याच शब्दाच्या आधारे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं आणि भारतीयांना कायद्याने हा मार्ग मोकळा झाला तो १९४६ मध्ये. शील्ड्सला कॅथलिक म्हणून, आयरिश म्हणून टोमणे ऐकावे लागले, पण दार त्याच्यासाठी उघडं होतं.

नोटांवरून तलवारीपर्यंत

शील्ड्सचं नाव आज कुठे निघतंच, तर लिंकनशी ठरलेल्या द्वंद्वामुळे. गोष्ट सांगताना लोक तलवारी सांगतात आणि नोटा गाळतात. भांडण नोटांचं होतं.

१८३७ मध्ये इलिनॉयने रेल्वे, कालवे आणि रस्ते यांसाठी कोट्यवधी डॉलरच्या कामांचा कायदा केला. त्याच वर्षी देशभर आर्थिक मंदी आली. कामं अर्धवट राहिली आणि कर्ज तेवढं डोक्यावर उरलं. तेव्हा आजच्यासारख्या केंद्रीय नोटा नव्हत्या, बँका आपापल्या नोटा छापत. ‘ही नोट आणा, तेवढं सोनं-चांदी घेऊन जा’ या वचनावर त्या चालत. फेब्रुवारी १८४२ मध्ये राज्याची स्टेट बँक बसली. नोटा लोकांच्या हातात राहिल्या, पण बाजारात त्यांना छापील किमतीपेक्षा बरंच कमी मिळू लागलं.

शील्ड्स त्या वेळी राज्याचा ऑडिटर होता. हे पद म्हणजे आपल्याकडच्यासारखं नुसती तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकाचं नव्हे. करवसुलीचा हिशेब आणि तिजोरीतून पैसे काढण्याचे आदेश ही त्याची कामं. ऑगस्ट १८४२ मध्ये त्याने कर गोळा करणाऱ्यांना कळवलं की स्टेट बँकेच्या नोटा छापील किमतीला घेऊ नका.

आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. समजा त्याने डुकरं विकली आणि त्याच्या हाती दहा डॉलरच्या नोटा आल्या. कर द्यायचाय पाच डॉलर. बाजारात नोट निम्म्या भावाने चालत असेल, तर पाच डॉलरची चांदी मिळवायला त्याला दहाच्या दहा नोटा द्याव्या लागणार. कराचा आकडा तोच, पण खिशाला बसलेला फटका दुप्पट. राज्याच्या बाजूनेही अडचण खरीच होती. निम्म्या मोलाच्या नोटा पूर्ण किमतीला घेतल्या, तर तिजोरीत कागदच जमणार आणि कर्जावरचं व्याज कागदावर फेडता येणार नाही. हिशेबाच्या दृष्टीने शील्ड्सचा निर्णय चूक म्हणता येत नाही. राजकारणाच्या दृष्टीने मात्र त्याने विरोधकांच्या हातात काठी दिली.

लिंकनने ती उचलली. स्प्रिंगफिल्डच्या ‘सँगामो जर्नल’मध्ये ‘रिबेका’ नावाच्या अडाणी गावकरी बाईच्या तोंडून पत्र छापून आलं. त्यात नोटांची तक्रार होतीच, शिवाय शील्ड्सच्या नटवेपणाची आणि बायकांसमोर मिरवण्याची यथेच्छ टिंगलही होती. पाठोपाठ त्याच थाटाचा आणखी मजकूर आला. तो मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन यांच्या लेखणीचा होता. शील्ड्सने संपादकाला लेखकाचं नाव विचारलं. लिंकनने सांगून ठेवलं होतं की माझं नाव द्या. मुलींना वाचवायला त्याने सगळंच आपल्या अंगावर घेतलं. लिंकनने शब्द मागे घेऊन माफी मागावी असं शील्ड्सने पत्राने कळवलं, लिंकनने पत्राची भाषा धमकीची असल्याचं सांगून उत्तर टाळलं आणि गोष्ट आव्हानावर गेली.

रिवाजाप्रमाणे ज्याला आव्हान मिळतं, तो शस्त्र आणि अटी ठरवतो. लिंकनच्या अटी लेखी आहेत आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. शस्त्र: घोडदळाच्या मोठ्यात मोठ्या तलवारी. मैदानात दहा फूट लांबीची, नऊ ते बारा इंच रुंदीची फळी काठावर उभी रोवायची. ती दोघांमधली सीमा, पलीकडे पाय टाकणाऱ्याच्या जिवाची हमी नाही. फळीच्या दोन्ही बाजूंना तिच्याशी समांतर एकेक रेघ मारायची. रेघेचं फळीपासूनचं अंतर तलवारीच्या लांबीहून तीन फूट जास्त. लढता लढता जो मागे सरकून आपली रेघ ओलांडेल, तो शरण आला असं धरायचं.

याचा अर्थ काय होतो, ते मोजून पाहिलं की कळतं. तलवार साधारण तीन फुटांची धरली, तर प्रत्येकाला सहा फूट खोलीचा पट्टा मिळाला. पुढे फळी, मागे रेघ. लिंकन सहा फूट चार इंच, लांब हातांचा. शील्ड्स त्याच्याहून सहा-सात इंचांनी बुटका. फळीच्या अलीकडे राहून समोरच्यावर वार करणं लिंकनला जमणारं होतं, शील्ड्सला अवघड. आणि पिस्तूल निवडलं असतं तर उंचीचा काही उपयोग नव्हता, उलट नेमबाजीत शील्ड्स सरस ठरण्याची भीती होती. अटी अशा होत्या की शहाण्या माणसाने लढूच नये. आमच्या मते त्या त्याच हेतूने रचलेल्या होत्या.

इलिनॉयमध्ये द्वंद्व बेकायदा, म्हणून २२ सप्टेंबर १८४२ रोजी, गुरुवारी, मंडळी आल्टन गावाजवळून मिसिसिपी ओलांडून मिझुरीच्या बाजूच्या बेटावर गेली. तिथे जॉन हार्डिन वगैरे मध्यस्थ येऊन पोचले. शील्ड्सच्या वतीने पहिलं पत्र मागे घेतलं गेलं. लिंकनने लिहून दिलं की मजकूर निव्वळ राजकीय हेतूने लिहिला होता, तुमच्या खासगी चारित्र्याला धक्का लावायचा इरादा नव्हता. तलवारी म्यानातच राहिल्या. नोव्हेंबरमध्ये लिंकन आणि मेरी टॉड यांचं लग्न झालं. दुसऱ्या मुलीने, ज्युलिया जेनने, पुढच्या वर्षी लायमन ट्रम्बल नावाच्या वकिलाशी लग्न केलं. हे नाव पुन्हा येणार आहे.

दोन लढायांच्या जखमा, एक खुर्ची

पुढची सात वर्षं वेगाने गेली. १८४३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. १८४५ मध्ये वॉशिंग्टनला जनरल लँड ऑफिसचा प्रमुख. सरकारी जमिनीची मोजणी आणि विक्री करणारं हे खातं. एकेक मैल चौरसाचे ६४० एकरांचे तुकडे, एकरी किमान सव्वा डॉलर. पश्चिमेकडे सरकणाऱ्या देशात याहून मोलाची खुर्ची थोडीच. १८४९ मध्ये लिंकननेही हीच जागा मिळवायची खटपट केली आणि ती त्याला मिळाली नाही.

१८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि शील्ड्सला ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं. सैनिकी अनुभव नावापुरता, पण तेव्हा स्वयंसेवक पलटणींची पदं पक्षाच्या माणसांना मिळत. एप्रिल १८४७ मध्ये सेरो गोर्दोच्या लढाईत एक गोळा त्याच्या छातीतून आरपार गेला. माणूस गेलाच असं सगळ्यांनी धरलं. जखम साफ करायला रेशमी रुमाल त्या भोकातून आरपार ओढल्याची गोष्ट नंतर वर्षानुवर्षं सांगितली गेली. सप्टेंबरमध्ये चापुल्तेपेकला हात मोडला. घरी परतला तो युद्धवीर म्हणून, आणि राज्यातल्या आयरिश मतदारांना आपला असा दुसरा माणूस दिसत नव्हता.

आता दुसरा नियम. १९१३ पर्यंत अमेरिकेत सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडत असे. आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आजही आमदार निवडतात, तसंच काहीसं. त्यामुळे उमेदवाराला गावोगाव फिरायची गरज नव्हती. शंभरेक आमदारांची मनं वळवली की झालं. नव्या राज्यात नुकताच आलेला, पण नाव असलेला माणूस यामुळेच सिनेटर होऊ शके. जानेवारी १८४९ मध्ये इलिनॉयच्या डेमोक्रॅट आमदारांनी विद्यमान सिनेटर सिडनी ब्रीझला बाजूला सारून शील्ड्सला निवडलं.

आणि मग ती तारीख आडवी आली. सिनेटरसाठी राज्यघटनेच्या तीन अटी आहेत: वय किमान ३०, नागरिकत्व किमान नऊ वर्षांचं आणि निवडून देणाऱ्या राज्यात वास्तव्य. मुदत सुरू होणार ४ मार्च १८४९ रोजी. शील्ड्सची नऊ वर्षं भरणार २१ ऑक्टोबर १८४९ रोजी. साडेसात महिने कमी. १८४० ऐवजी १८३९ मध्ये न्यायालयात गेला असता, तर प्रश्नच आला नसता.

त्यात त्याने स्वतःच्या हाताने आगीत तेल ओतलं. हा मुद्दा ब्रीझने उकरला अशा संशयाने त्याने ब्रीझला पत्र लिहिलं, आणि त्या पत्राचा सूर असा होता की या कारणावरून मी हरलो असतो तर तुला त्याचा उपभोग घेऊ दिला नसता. पत्र छापून आलं. द्वंद्वाचा इतिहास असलेल्या माणसाचं असं पत्र म्हणजे जिवे मारण्याची धमकीच, असं लोकांनी वाचलं. नटवा आणि शीघ्रकोपी ही रिबेकाच्या पत्रातली प्रतिमा सात वर्षांनी खरी ठरवायला त्यानेच मदत केली.

प्रकरण अंगाशी येतंय हे दिसल्यावर शील्ड्सने राजीनामा दिला. सिनेटने तो घेण्याऐवजी १५ मार्चला निवडणूकच रद्दबातल ठरवली. फरक बारीक पण महत्त्वाचा आहे. राजीनामा देता यायला खुर्ची आधी तुमची असावी लागते. राजीनामा मान्य करणं म्हणजे निवडणूक वैध होती असं कबूल करणं. सिनेटला तसा पायंडा पाडायचा नव्हता.

डेमोक्रॅटांनी वाट पाहिली. राज्यपालांनी विधिमंडळाचं विशेष अधिवेशन बोलावलं आणि २७ ऑक्टोबरला, नऊ वर्षं भरून सहा दिवस झाल्यावर, शील्ड्स पुन्हा निवडून आला. डिसेंबरमध्ये तो खुर्चीत बसला. आज हाच पेच आला असता, तर इतकी धावपळ लागली नसती. १९३५ मध्ये रश होल्ट नावाच्या सिनेटरच्या बाबतीत सिनेटने मान्य केलं की पात्रता शपथेच्या दिवशी पाहायची. तो २९व्या वर्षी निवडून आला आणि ३० पूर्ण होईपर्यंत थांबून मग शपथ घेतली. जो बायडनही १९७२ मध्ये २९ वर्षांचे असतानाच निवडून आले होते.

प्रतिनिधिगृहासाठी हीच अट सात वर्षांची आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९८८ मध्ये अमेरिकन नागरिक झाले आणि २०२३ मध्ये मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून या सभागृहात पोचले, तेव्हा अट केव्हाच भरली होती. आपल्या राज्यघटनेत अशी वर्षांची अटच नाही. संसदेसाठी नागरिक असणं पुरतं, मग ते नागरिकत्व जन्माने मिळालेलं असो वा अर्जाने.

ट्रम्बल आले, शील्ड्स गेला

सिनेटमध्ये शील्ड्स म्हणजे डग्लसचा माणूस. १८५४ मध्ये डग्लसने कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला. पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची की नाही, हे तिथल्या लोकांनी ठरवावं असा त्याचा गाभा. ज्या भागात १८२० पासून गुलामगिरीला बंदी होती, तिथेही त्यामुळे ती शिरू शकणार होती. उत्तरेत संतापाची लाट आली. शील्ड्सने कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं आणि त्याची मुदत १८५५ मध्ये संपत होती. परदेशी आणि कॅथलिक यांच्या विरोधात उभा राहिलेला ‘नो नथिंग’ पक्षही याच वेळी जोरात होता. डग्लसचा सल्ला असा की शील्ड्सलाच धरून राहा, हरला तर आयरिश म्हणून पाडला असं सांगता येईल. स्वतःच्या कायद्याचं अपयश लपवायला मित्राचं जन्मस्थान वापरायचं, असा हा हिशेब होता.

८ फेब्रुवारी १८५५ रोजी विधिमंडळात मतदान झालं. पहिल्या फेरीत लिंकन पुढे, शील्ड्सला ४१, आणि कायद्याला विरोध करणाऱ्या डेमोक्रॅट गटाच्या उमेदवाराला फक्त ५. बहुमत कुणालाच नाही. अशा वेळी फेऱ्या चालू राहतात आणि माणसं सरकतात. शील्ड्स उरणार नाही हे दिसताच डेमोक्रॅटांनी त्याला सोडून राज्यपाल मॅटसन यांना पुढे केलं. मॅटसन जिंकतील या भीतीने लिंकनने आपली मतं त्या पाचवाल्या उमेदवाराला द्यायला लावली, आणि दहाव्या फेरीत तो ५१ मतांनी निवडून आला. त्याचं नाव लायमन ट्रम्बल. शील्ड्सची टिंगल करणाऱ्या ज्युलिया जेनचा नवरा शील्ड्सच्याच खुर्चीत जाऊन बसला.

मिनेसोटाची चिठ्ठी

शील्ड्स उत्तरेला मिनेसोटात गेला. तेव्हा तो प्रदेश होता, राज्य नव्हतं. फॅरिबोजवळ त्याने आयरिश कुटुंबांची वसाहत उभारली. शील्ड्सव्हिल हे गाव आजही आहे. पूर्वेच्या शहरांतल्या कोंदट वस्त्यांमधून आयरिश लोकांना जमिनीवर आणायचं, ही कल्पना. कायदा सोयीचा होता. १८४१ पासून सरकारी जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जागा लिलावाआधी किमान किमतीला विकत घेता येई, आणि त्यासाठी पूर्ण नागरिक नसला, नुसते ‘पहिले कागद’ असले तरी चाले. मिनेसोटाच्या घटनेने अशांना मतही दिलं. जमीन आणि मत दोन्ही हाती असलेली वस्ती, हा राजकारणातला चांगलाच पाया होता.

११ मे १८५८ रोजी मिनेसोटा राज्य झालं. सिनेटच्या दोन जागांवर हेन्री राइस आणि शील्ड्स यांची निवड आधीच झालेली होती. पण इथे तिसरा नियम येतो. सिनेटची एकतृतीयांश जागा दर दोन वर्षांनी रिकामी होते, म्हणून सगळ्या जागा तीन गटांत विभागलेल्या असतात. नवं राज्य आलं की त्याच्या दोन सिनेटरांना कोणत्या गटात टाकायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. राइसला १८६३ पर्यंतची चिठ्ठी निघाली. शील्ड्सला निघाली ३ मार्च १८५९ ची. दरम्यान विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेलं आणि त्याला पुन्हा निवडायला कुणी उरलं नाही.

पुन्हा सैन्यात, मग मिझुरी

तो कॅलिफोर्नियाला गेला, तिथे लग्न केलं, पुढे मेक्सिकोत एका खाणीच्या धंद्यात पडला. यादवी युद्ध पेटल्यावर ऑगस्ट १८६१ मध्ये त्याला पुन्हा ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं. नेमणूक राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या हातची. वीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी फळी रोवायला सांगितली होती, त्यालाच. यात मोठं मन होतं, आणि आयरिश डेमोक्रॅट सरकारच्या बाजूने लढताना दिसावेत ही गरजही होती.

मार्च १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या केर्न्सटाऊनला दक्षिणेचा नामांकित सेनापती स्टोनवॉल जॅक्सनचा पराभव झाला. असे प्रसंग मोजकेच, आणि श्रेय शील्ड्सच्या डिव्हिजनला जातं. पण खुद्द शील्ड्सचा हात आदल्या दिवशी तोफेच्या तुकड्याने मोडला होता. लढाईच्या दिवशी मैदानात हुकूम दिले ते कर्नल नेथन किंबॉलने. जूनमध्ये पोर्ट रिपब्लिकला जॅक्सनने परतफेड केली. शील्ड्सचं सैन्य रस्त्यावर लांबवर पसरलं होतं आणि प्रत्यक्ष गाठ पडली ती दोन ब्रिगेडांशीच. शील्ड्सच्या मेजर जनरलपदावरच्या बढतीला सिनेटची मंजुरी मिळाली नाही. मार्च १८६३ मध्ये त्याने राजीनामा दिला. या वेळी तो स्वीकारला गेला.

१८६६ मध्ये तो मिझुरीतल्या कॅरोल्टनला शेतावर राहायला आला. पैसा बेताचा, भाषणांचे दौरे चालू. राज्याच्या विधिमंडळातही त्याने काम केलं. १८७७ मध्ये मिझुरीचा एक सिनेटर मरण पावला होता आणि त्याच्या मुदतीचा शेवटचा तुकडा उरला होता. जानेवारी १८७९ मध्ये विधिमंडळाने तो सत्तरी ओलांडलेल्या शील्ड्सला दिला. पुढची पूर्ण मुदत मात्र जॉर्ज व्हेस्टला दिली. ३ मार्चला शील्ड्सची खुर्ची संपली. १ जून १८७९ रोजी आयोवातल्या ओटम्वा इथे व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना तो वारला. दफन कॅरोल्टनला झालं.

१८६४ च्या एका कायद्याने प्रत्येक राज्याला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये आपल्या दोन व्यक्तींचे पुतळे बसवता येतात. इलिनॉयने १८९३ मध्ये पहिला पुतळा पाठवला तो जेम्स शील्ड्सचा आणि १९०५ मध्ये दुसरा, फ्रान्सिस विलार्ड यांचा. दोन्ही जागा भरल्या. कॅपिटॉलमध्ये लिंकनचाही पुतळा आहे, पण तो काँग्रेसने करवून घेतलेला आहे. इलिनॉयच्या कोट्यात त्याला जागा नाही.